शेवटच्या बांधीचं पाणी

ग्रुपवरचा एखादा घाणेरडा मेसेज काढायच्या आधी हिवराजभाऊ गहाणे तो लिहिणाऱ्याला फोन करायचे. ग्रुपचे ॲडमिन आम्ही दोघं. मी अशा वेळी बोट दाबून मोकळा व्हायचो. ते दुकानाच्या पायरीवर यायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि नंबर लावायचे. "बोल बाबू, जेवला का?" इथून सुरुवात. मग त्याने जे लिहिलं असेल ते त्यालाच मोठ्याने वाचायला सांगायचे. बहुतेकांना ते वाचवत नसे. "लिवतानी मानूस वाघ राह्यते," फोन ठेवून भाऊ म्हणायचे, "वाचतानी कोल्हा होते." तोवर लिहिणाऱ्याने स्वतःच मेसेज काढलेला असायचा.

देवरीच्या बस स्टँडमागे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आतल्या खोलीत सहा खुर्च्यांचा क्लास. ग्रुपचं नाव 'बांधी'. आमच्याकडे धानाच्या शेताच्या एका तुकड्याला बांधी म्हणतात. गोंदिया जिल्ह्याच्या गावागावांतली पोरंपोरी या ग्रुपवर प्रोग्रॅमिंग शिकायची आणि अडलं की विचारायची.

गहाणेंच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. भाऊंचे आजोबा गावच्या तलावाचं पाणी वाटायचे. पाणी सोडलं की ते आधी शेवटच्या बांधीपर्यंत न्यायचं, मग एकेक करत वर यायचं. ज्याचं शेत तलावाला लागून, त्याची पाळी शेवटी. भाऊंनी हाच कायदा ग्रुपला लावला. पुण्यात नोकरी करणाऱ्याचा अवघड प्रश्न आणि चिचगडच्या मुलीचा 'कॉम्प्युटर चालूच होत नाही' एकाच वेळी आले, तर आधी चिचगड. कोणी कुरकुरलं की ते म्हणत, "तू तलावाजवळ हायेस गा. तुले झिरपूनबी भेटते."

मी पत्रकांच्या घरात वाढलो. वडील चळवळीतले. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. बारावीपासून पत्रकं मीच लिहायला लागलो. भाऊ ती नीट वाचायचे आणि पेनाने एका शब्दाभोवती गोल काढायचे. "तुया पत्रकात 'समस्त' लय येते. समस्त म्हंजे कोन कोन? नावं लिव." मला राग यायचा. लढा सगळ्यांचा असतो, नावं कसली लिहायची, असं मी तावातावाने ऐकवायचो. ते ऐकून घ्यायचे. गोल तसाच राहायचा.

मीनल सालेकशाकडची. दोन वर्षं ती मुलाच्या नावाने ग्रुपवर होती, क्लासलाही यायची. एका दुपारी तिने लिहिलं, 'मी मुलगी आहे. माझं नाव आता मीनल आहे. जुनं नाव कृपया वापरू नका.' मग कोणीतरी हसणारा चेहरा टाकला, दुसऱ्याने टाकला, रांगच लागली. मी दातओठ खात निषेधाचा मसुदा लिहायला घेतला. तो अर्धाही झाला नव्हता तेवढ्यात भाऊंचा मेसेज आला, 'मीनल, तुझ्या कालच्या प्रोग्रॅममध्ये सातव्या ओळीतला कंस बंद केलेला नाही. तो कर, चालेल.'

नंतर हसणाऱ्या एकेकाला फोन. त्याच आठवड्यात त्यांनी तिचं प्रमाणपत्र नव्या नावाने छापून दिलं आणि ग्रुपच्या नियमांत एक ओळ घातली: माणूस सांगेल ते त्याचं नाव, जुनं उकरणाऱ्याला एक फोन, दुसऱ्यांदा ग्रुपच्या बाहेर. दोन पालकांनी मुलींना क्लासमधून काढलं. "आमच्या पोरी तसल्यासंगं बसनार नाहीत," एक बाप दारातूनच म्हणाला. "तसली म्हंजे कसली?" भाऊंनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "हुशार हाय थे." मीनलला मात्र त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, "मले यातलं लय समजत नाही, बाई. चुकलो त टोक." ती हसली. "तुमी कायले चुकसान भाऊ, तुमी त कंस पाहता."

मग गोंदियात ग्रुपचा पहिला मेळावा ठरला. आमच्या झाडीबोलीत बोललेलं कॉम्प्युटरला लिहून घेता यावं म्हणून मीनलने वर्षभर गावोगावच्या बायांचे आवाज गोळा केले होते. त्या कामावर ती बोलणार होती, पहिल्यांदाच माइकवर, स्वतःच्या नावाने. तिची आई अजून तिला मीनल म्हणत नव्हती. "छापलेलं असलं का आई मानते," ती भाऊंना आणि मला म्हणाली होती. "लग्नपत्रिकेत नाव नसलं त मामा रुसून बसते आमच्याकडं. पत्रकावर माह्यं नाव आलं का तिले नेऊन दाखवतो... दाखवते." बोलता बोलता तिने स्वतःलाच दुरुस्त केलं आणि आम्ही तिघंही हसलो.

पत्रक लिहायचं काम माझं.

त्या आठवड्यात भाऊ गावी होते. तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, दुरुस्ती चालू होती आणि तिथे नेटवर्क नव्हतं. मला अभयचा फोन आला. अभय ग्रुपमधला सगळ्यांत जुना मुलगा, पुण्यात स्थिरावलेला. मेळाव्यात मुलाखती घ्यायला तो आपल्या कंपनीची माणसं आणणार होता. "देख यार, तिचं काम एक नंबर आहे, मैं खुद मानता हूँ," तो म्हणाला. "पण ते नाव पत्रकावर आलं की हॉलवाले फाटे फोडणार, आमचे लोक विचारणार. टेक्निकल मेळावा आहे ना आपला? जेंडर-बिंडर कशाला? बोलू दे तिला. नाव फक्त नको."

लढाईत कधी एक पाऊल मागे घ्यावं लागतं, असं वडिलांच्या कुठल्याशा पत्रकात वाचल्याचं मला आठवलं. सोयीचं तेवढं बरोबर आठवतं. मी तीन वक्त्यांची नावं छापली आणि खाली लिहिलं, 'आणि समस्त बांधी परिवार'.

पत्रक ग्रुपवर टाकलं. मीनलने विचारलं, 'माझं नाव राहिलं का?' त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'कोणतं, जुनं की नवं?' हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पुन्हा लागली. मी कोणालाही फोन केला नाही. ग्रुपला कुलूप लावलं आणि लिहिलं, 'चर्चा सर्वांसाठी बंद.' टोमणे मारणाऱ्यांचं तोंड बंद केलं आणि टोमणे खाणारीचंही, अगदी समान न्यायाने. या समान न्यायाचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. ज्याच्या बांधीत पाणी तुडुंब भरलंय त्याला तलावाचं दार बंद झाल्याने काय फरक पडतो, हे गहाणेंच्या घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

दोन दिवसांनी देवरीहून भाऊंचा फोन आला.

"बोल बाबू, जेवला का?"

"हो."

"मीनलले फोन केला होता?"

"नाही."

"अभयले?"

"त्याचाच आला होता."

"मंग ज्याचा फोन आला त्याची बांधी भरली."

मी संघटना, व्यापक हित, पोरांच्या नोकऱ्या असं बरंच सांगत सुटलो. त्यांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "वाच."

"काय?"

"तुयं पत्रक. मोठ्यानं वाच."

मी वाचायला लागलो. तिसऱ्या नावानंतरची ओळ माझ्या तोंडून निघेना. त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर पडले. मीनल आधीच गेली होती.

मेळावा तिच्याविनाच झाला, आणि झकास झाला. हॉल भरला, तिघांना नोकऱ्या लागल्या. आता अभय माझ्यासोबत ॲडमिन आहे. 'नियम सुटसुटीत करू' म्हणत त्याने नावाबद्दलची ओळ काढली, तेव्हा मी 'ठीक' असं लिहिलं. ग्रुप पूर्वीच्या तिप्पट मोठा झालाय. माहितीच्या जागी लिहिलंय, 'येथे सर्वांचे स्वागत आहे.' ते वाक्य माझंच.

गेल्या हिवाळ्यात मी देवरीला गेलो. आतल्या खोलीत सहाही खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. क्लास बंद, फक्त दुरुस्ती. भाऊंनी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. मीनल रायपूरला असते, आवाजांचंच काम करते, एवढं त्यांनी सांगितलं. तिची आई तिला काय म्हणते ते मी विचारू शकलो नाही.

"मला तिची माफी मागायची आहे, भाऊ. तिचा नंबर द्या."

"काऊन? नाही का तुयाकडं?" ते हातातला स्क्रू घट्ट करत म्हणाले. "थोच हाय. तिनं नाव बदललं बाबू, नंबर नाही."

गोंदियाच्या बसमध्ये बसल्यावर मी फोन काढला. 'मीनल' असं टाकून पाहिलं. काही आलं नाही. मग जुनं नाव टाकलं. लगेच आलं.