डाव्या गालाचा दस्ता

अक्षर वेडंवाकडं आहे, लिहिण्यातही चुका असतील. कुणी वाचलंच तर माफ करा.

आमच्या ह्यांचा उजवा डोळा अधू झाला. बँकेतली पहारेकऱ्याची नोकरी टिकवायची तर डाव्या डोळ्याने नेम धरणं भाग होतं. म्हणून लष्कराने मोडीत काढलेल्या, त्यांनी परवान्यावर घेतलेल्या जुन्या रायफलीला ते घरीच शिसवीचा नवा दस्ता, खांद्याला नि गालाला टेकतो तो लाकडी भाग, करू लागले. थोडं तासायचं, डावा गाल टेकवायचा, पुन्हा तासायचं.

मी म्हटलं, "एवढे लाड माझे नाही केलेत."

"तू आलीस तीच चपखल बसलीस गं."

मीही तासले गेलेच की. फक्त ढलप्या कुणाला झाडाव्या लागल्या नाहीत.

बँकेच्या नेमबाजीच्या चाचणीत नेम लागला, नोकरी राहिली. रायफल पुसताना मी दस्त्याच्या खळग्यात गाल ठेवून पाहिला. खळगा मला मोठा होत होता. तरी बराच वेळ मी गाल उचलला नाही.