डोळे मिटा, मग सांगा

"डोळे मिटा, मग सांगा," असं म्हणून भाऊ कापडाच्या दोन ठाणांची टोकं गिऱ्हाइकाच्या दोन हातांत द्यायचे. "डोळा रंगावर भाळतो. बोट नाही भाळत."

मग गिऱ्हाईक कुणीही असो, अगदी बहादरपूरचे केळीवाले पाटील का असेनात, भर दुकानात डोळे मिटून अंगठ्यानं कापड चोळत उभं राहायचं. मी नवी नवरी म्हणून बुऱ्हाणपुरात आले आणि सासूबाईंबरोबर पहिल्यांदा त्या दुकानात गेले, तेव्हा ओळीनं माणसं डोळे मिटून उभी होती. मला वाटलं, आरती चालू आहे. मीही हात जोडले. भाऊंनी माझ्या जोडलेल्या हातांत परकराच्या कापडाची दोन टोकं कोंबली.

ती आमची ओळख. पुढे आम्ही सिंधीपुऱ्यात त्यांच्या शेजारीच राहायला आलो. मधे एकच भिंत. भाऊंचं नाव मी सांगत बसत नाही. तुमच्याही गल्लीत असे कुणी भाऊ असतील, त्यांचंच नाव इथे घाला.

गुडघे कुरकुरायला लागले तसं भाऊंनी दुकान पुतण्यावर सोपवलं, आणि घरी बसून करायचं काय, म्हणून होम थिएटर घेतलं. टीव्हीच्या आजूबाजूला स्पीकर, कोपऱ्यात धान्याच्या कोठीसारखा एक थोरला, आणि टीव्हीखाली काळा, चपटा रिसीव्हर.

"मतलब, हा घरातला कर्ता समजा ताई," भाऊंनी मला समजावलं. प्रत्येक गोष्टीच्या आधी त्यांना 'मतलब' लागायचं. "सगळा आवाज आधी याच्याकडे येतो. मग हा वाटण्या करतो. वारा-पाणी मागच्यांना, गाणं पुढच्या दोघांना, आणि माणसांचं बोलणं या मधल्याला."

मी समजल्यासारखी मान डोलावली. मला एवढंच समजलं होतं, की आता आमची भांड्यांची फळी थरथरणार.

तशी आवाजाची आमच्याकडे टंचाई नाही. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. सकाळपासून जे खटाखट सुरू होतं ते होतंच. नवा पाहुणा विचारतो, हा आवाज कसला? आम्ही विचारतो, कुठला? फक्त शुक्रवारी, जुम्म्याला, माग बंद असतात. त्या दुपारी गावावर कुणी धुतलेली चादर अलगद अंथरावी, तशी शांतता उतरते. दोन घरं सोडून कुणी कपावर बशी झाकली तरी कळतं. वाळत घातलेल्या साडीचं पाणी फरशीवर टपटपतं तेही कळतं. एरवी लाइट गेली की माग थांबतात, पण तेव्हा भाऊंचं यंत्रही थांबणार. "ऐकण्याजोगं होतं तेव्हा ऐकवणारा बंद," भाऊ हळहळायचे.

म्हणून भाऊ-वहिनींचा सिनेमा शुक्रवारी दुपारी. आणि बहुतेकदा एकच, कुठल्याशा नावाड्याचा जुना सिनेमा. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. सिनेमाची पाटी बोलत नाही, आणि माझ्याकडे सगळं भिंतीतून यायचं. नदीला पूर आलाय, अलीकडे नावाडी, पलीकडे माहेरी अडकलेली त्याची बायको. "पाणी उतरलं की ये!" एक आवाज. "तू हाक मार, मी येते!" दुसरा आवाज. मी इकडे गवार निवडता निवडता पेंगायची आणि सबंध तापी माझ्या स्वयंपाकघरातून वाहायची. जागी व्हायची तेव्हा शेंगा भलत्याच पातेल्यात आणि त्यांच्या शिरा भाजीत.

एकदा मावा जलेबी द्यायला गेले तर सिनेमा रंगात आला होता. तेव्हा मी भाऊंची खोड पाहिली. ते खिडकीपाशी खुर्चीत, वहिनी समोर दिवाणावर, आणि भाऊंचे ओठ हलताहेत. प्रत्येक वाक्य, पडद्यावरचा माणूस बोलायच्या किंचित आधी, अजिबात आवाज न काढता. नदीपलीकडे हाक मारताना तर त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"यांना सिनेमात घ्यायला हवं होतं," वहिनी मला म्हणाल्या. पण नजर भाऊंवरच. मला वाटलं, काय हे प्रेम! आमचे हे बातम्या बघत असताना मी समोरून गेले, तर मान वाकडी करून माझ्या पलीकडचं बघतात.

मग एका व्हिडिओनं घात केला. त्यातला माणूस म्हणाला, आवाज खरा ऐकायचा तर बरोबर मध्यभागी, स्पीकरकडे तोंड करून बसा. भाऊंनी सुतळीनं खोली मोजली, दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या आणि स्वतः वहिनींना हाताला धरून एकीत बसवलं. "मतलब, एकदम राजा-राणी."

आणि त्यानंतरच वहिनींची तक्रार सुरू झाली. "अहो, बोलणं दबतंय. पहिल्यासारखं नाही राहिलं."

वहिनी दापोऱ्याच्या. शेतातल्या घरी वाढलेल्या, बोलणं खणखणीत. एखादी गोष्ट त्या दोनदा म्हणाल्या म्हणजे ती खरी. भाऊंनी मधला स्पीकर पुसला, वायरी खोचल्या, काढल्या, परत खोचल्या. बोलणं दबलेलंच. हळूहळू वहिनी सिनेमा अर्ध्यात सोडून उठायला लागल्या. "तुम्ही बघा. मला पोळ्या टाकायच्यात." शुक्रवारी दुपारी कुणाच्या घरी पोळ्या टाकतात? भिंतीतून मला तो सिनेमा ऐकू यायचा आणि त्याच वेळी वहिनींचं लाटणंही. भाऊ एकटेच राजा-राणीच्या खुर्च्यांमध्ये बसलेले असणार.

"रिसीव्हर थकला," भाऊंनी शेवटी निदान केलं. "नवा आणतो. ती परत बसली पाहिजे, बस."

पुतण्यानं इंदूरहून नवा रिसीव्हर आणला, पसंत नसेल तर परत द्यायच्या बोलीवर. गल्लीत दोन तट पडले. एक म्हणाला, नवा घ्या, जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरा म्हणाला, डबा बदलून काय होतं, आवाज तर स्पीकरमधून येतो. भाऊ दोघांनाही म्हणाले, "शुक्रवारी बघू. डोळे मिटून."

पारखी म्हणून मला बोलावणं आलं. का, तर माझे कान तीक्ष्ण. ही अफवा मीच पसरवलेली. कुकरच्या शिटीवरून घर ओळखते, असं मी चारचौघांत सांगते.

"जा जा," आमचे हे म्हणाले. "तुझे कान चांगलेच आहेत. फक्त मी बोलतो तेव्हा त्यांना सुट्टी असते."

शुक्रवार आला. माग थांबले. भाऊंनी दोन्ही रिसीव्हर टेबलावर मांडून वर चादर टाकली, कुठला कुठला ते आम्हाला दिसू नये म्हणून. आवाज दोन्हींचा सारखा ठेवला. "दोन ठाणं एकाच उजेडात बघायची," ते म्हणाले. "नाहीतर जो मोठ्यानं बोलतो तोच खरा वाटतो." मग गुडघ्यांवर हात ठेवत टीव्हीच्या मागे शिरले. एका खुर्चीत वहिनी, दुसरीत मी, मधे मी आणलेली जलेबीची ताटली.

"चला. डोळे मिटा, मग सांगा."

मिटलेल्या डोळ्यांआड पूर आला. खोली कुठे गेली कळलं नाही. पाणी पायाशी, पाणी पाठीमागे, आणि मधून त्या नावाड्याची हाक. मग वायरी बदलल्या गेल्या, परत तोच पूर.

"दुसरा नवा!" मी ओरडले. "ह्यातलं पाणी जास्त ओलं आहे!"

"तो जुना होता ताई," टीव्हीमागून आवाज आला. "तू सांग," भाऊंनी वहिनींना मोठ्यानं म्हटलं.

मी परीक्षेत नापास झालेच होते, म्हणून मी डोळे उघडले. वहिनी हात मांडीवर ठेवून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. शाळेतल्या शहाण्या मुलीसारख्या. पडद्यावर नावाडी घसा फोडून ओरडत होता.

"पाणी येतंय ऐकू," वहिनी म्हणाल्या. "माणूस बोलला की सांगते."

भाऊंनी टीव्हीमागून डोकं बाहेर काढलं. वायरी बदलल्या. नवा रिसीव्हर, तीच हाक.

"अजून पाणीच आहे," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी आवाज चढवला. भिंतीपलीकडे माझी भांडी थरथरायला लागली, ती मला इथे ऐकू आली. वहिनी तशाच, चेहऱ्यावर वाट बघणारं हसू.

"पाणी वाढलं," त्या म्हणाल्या.

भाऊ बाहेर आले. आवाज कमी केला. टीव्हीच्या बाजूला, वहिनींच्या समोर उभे राहिले. दुकानात कापडाचा दोष अचानक हाताला लागला की त्यांचा अंगठा जिथल्या तिथे थांबायचा. आत्ता सबंध भाऊ तसे थांबले होते.

"उघड डोळे," त्यांनी वहिनींच्या गुडघ्याला हात लावला.

त्यांनी उघडले. पडद्यावर नावाडी पुन्हा बोलला, आणि सवयीनं भाऊंचे ओठ हलले.

"हां! आता आलं," वहिनी म्हणाल्या. "स्पष्ट. 'पाणी उतरलं की ये.' हाच ठेवा हो."

कुठलीही वायर बदललेली नव्हती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी जलेबीच्या ताटलीकडे पाहिलं.

"ठीक आहे," भाऊ म्हणाले. "हाच ठेवतो."

तेव्हा जोडलेला होता नवा, पण दुसऱ्या दिवशी पुतण्या तोच परत घेऊन गेला. मध्यभागातल्या दोन खुर्च्यांपैकी एक भाऊंनी उचलली आणि टीव्हीला खेटून ठेवली, तोंड खोलीकडे. वहिनींचा दिवाण समोर आला. यापुढे पडदा भाऊंना दिसणार नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आवाज इथूनच तपासायचा असतो."

गल्लीतले दोन्ही तट निकाल विचारायला आले. भाऊंनी घसा साफ केला. "मतलब, रिसीव्हरनं फरक पडत नाही असं नाही. थोडा पडतो. पण बसायच्या जागेनं जास्त पडतो." हे ऐकून दोन्ही तटांना आपणच जिंकल्यासारखं वाटलं. गावात अजूनही कुणी होम थिएटर घेतलं की हे वाक्य सांगतात आणि खोलीभर खुर्च्या सरकवतात.

वहिनींना पुढे कानाचं मशीन आणलं. भाजीवाल्याशी घासाघीस करायला ते बरं पडायचं. सिनेमाला मात्र त्या काढून ठेवायच्या. "सगळंच एकत्र कालवतं गं ते, पाणी नि माणसं. डोकं उठतं." आणि भाऊंच्या समोर दिवाणावर मांडी घालून बसायच्या. लाटण्याचा आवाज बंद झाला. भिंतीतून पूर यायचा, हाक यायची, मधेच वहिनींचं हसू यायचं. मला भाऊंचे न ऐकू येणारे ओठही ऐकू यायला लागले होते, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. पण माझे कान तीक्ष्ण आहेत.

मागच्या थंडीत भाऊ गेले. दिवस शुक्रवार नव्हता. मागच्या गल्लीत माग चालू होते, आणि ते थोड्या वेळानं कुणी न सांगता एकामागून एक बंद झाले. त्यांतल्या कितीतरी मागांवरचं कापड भाऊंनी विकलं होतं.

मग शुक्रवारच्या दुपारी भिंत मुकी झाली. मी गवार निवडताना जागीच राहायची. भाजी चांगली व्हायला लागली. आमचे हे म्हणाले, "काय झालंय तुला? शिरा नाहीत भाजीत."

परवाच्या शुक्रवारी मी मावा जलेबी घेऊन गेले. वहिनी दिवाणावर होत्या. टीव्हीला खेटून ती खुर्ची तशीच, तोंड खोलीकडे.

"ते लाव ना जरा," वहिनी रिमोट पुढे करत म्हणाल्या. "मला नाही जमत."

मी लावलं. पूर आला. वहिनी पडद्याकडे बघत नव्हत्या, खुर्चीकडे बघत होत्या.

"नुसतं पाणी आहे गं," त्या म्हणाल्या. "ते समोर बसले की सगळं कळायचं. त्यांना वाटायचं, मला ठाऊक नाही."

मी उठले. कुणी सांगितलं नव्हतं. जाऊन त्या खुर्चीत बसले. तिथून पडदा दिसत नाही, पण मी तो सिनेमा कधी धड पाहिलाच कुठे होता? मला तो फक्त ऐकून पाठ. नावाडी बोलणार, एवढ्यात मी ओठ हलवले. मग त्याची बायको, मग पुन्हा तो. कुणाचं कुठलं ते चुकायला लागलं.

"अगं, ते तो नाही म्हणत, तिचा बाप म्हणतो!" वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "तू नीट बोल."

मी नीट बोलायला लागले. आवाज न काढता, मानेच्या शिरा ताणून. बाहेर उन्हात कुठे साडीचं पाणी टपटपत होतं. हाक आली. पाणी उतरलं की ये.

समोर वहिनींचे ओठ हलले. 'तू हाक मार, मी येते.' त्याही आवाज न काढता. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, माझ्या डोक्याच्या वीतभर वर होती.

भाऊ माझ्यापेक्षा उंच होते.