वळणावरचा धक्का

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता मला पाठ आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि शेखाडीच्या आसपास एकामागून एक वळणं. दोन सीटांची, जमिनीला चिकटून धावणारी लाल गाडी मी या रस्त्यासाठीच घेतली. आमच्या घरची मिठागरं गेली आणि ट्रकचा धंदा आला. ट्रकवाल्यांच्या अंगणात ती गाडी पाहुण्यासारखी उभी असायची.

तिचं सस्पेन्शन रस्ता पाहून बदलणारं. चाक किती वरखाली झालं हे सेन्सरला कळतं आणि त्याच क्षणी शॉकअप मऊ किंवा कडक होतात. खड्ड्यात मऊ, वळणात ताठ. सुरुवातीच्या दिवसांत वळणावर ती कलायचीच नाही. डांबर उखडलेलं असलं तरी चाकं रस्ता सोडत नसत. मला वाटायचं, मी फार छान चालवतो.

दिवाळीनंतर एका सकाळी शेखाडीच्या एका डाव्या वळणावर तिचा मागचा भाग उडाला आणि कठड्याकडे सरकला. दोन वीत जागा उरली असेल. मी बाजूला थांबलो. डोक्यात एकच प्रश्न होता: ही कुणी आपटली?

चावी माझ्याखेरीज फक्त काकांकडे असे. काका म्हणजे वडिलांच्या वेळचे आमचे ट्रक ड्रायव्हर. मांडीवर बसवून त्यांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं. गुडघे गेल्यावर ट्रक सुटला, पण रोज सकाळी येऊन गाड्या पुसायचे. मला 'बाला' म्हणायचे.

मी किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवू लागलो. मागच्या चाकाला टेकवून खडा ठेवू लागलो. आकडा हलला नाही, खडाही हलला नाही. त्यानं संशय कमी व्हायला हवा होता. उलट मला वाटू लागलं, काकांना खड्याचं कळलंय. मग एकदा सीट मागे सरकलेली दिसली.

अंगणात चार ड्रायव्हर चहा पीत होते. त्यांच्यासमोरच मी विचारलं, "काका, गाडी कुठं आपटली?"

"कंची?"

"लाल."

"तिच्यात बसाला माझं गुडघं तरी वाकतान का?"

ड्रायव्हर हसले. मला ते हसणं माझ्यावरच वाटलं.

"मग सीट मागे कशी?"

"पायपुसणी काढाला सरकवली."

"खरं सांगा. मी काही बोलणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. काकांनी कमरेची चावी काढली, बाकावर ठेवली. "घ्या शेट," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

इथपर्यंत लिहिताना एक गोष्ट मी मागे ठेवली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं. ट्रक मागून खाली बसू लागला की आम्ही स्प्रिंगचा एक पाटा वाढवतो. त्याच सवयीनं गणपतीच्या आधी मी टायरवाल्याकडून मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांत जाड रबर बसवून घेतलं होतं. काका तेव्हा शेजारीच उभे होते. "बाला, ह्यो ट्रक न्हाय. तिची ती बसंल-उठंल," म्हणाले. मी म्हटलं, "जन्मभर पाटे वाढवलेत तुम्ही, आणि मला शिकवता?"

शेखाडीच्या त्या वळणावर ते रबर मला आठवलं होतं. मी ते मनातून ढकलून दिलं. काकांवर संशय घेणं सोपं होतं.

पनवेलच्या मेकॅनिकनं गाडी वर उचलली आणि आधी तेच दाखवलं. रबरामुळे स्प्रिंग पुरती दबतच नव्हती. शॉकअप एक सांभाळत होते, स्प्रिंग भलतंच करत होती. "हे कुणी घातलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आधीच्या मालकानं."

रबर काढलं, गाडी पूर्ववत झाली. काका त्या दिवसापासून पालीजवळच्या त्यांच्या गावीच राहत होते. मी तिथं गेलो. ते अंगणात वाल सोलत बसले होते. उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं, मेकॅनिकशी खोटं बोललो तेसुद्धा.

"काढलंत ना रबर? मंग झालं."

"उद्यापासून याल?"

"गुडघं, शेट." त्यांनी आत चहा टाकायला सांगितला. चहा झाला. ते पुन्हा वाल सोलू लागले.

मी निघालो. त्यांच्या आळीच्या तोंडाशीही गतिरोधक होता. गाडीचं पोट त्यावर खरखरत घासलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. आरशात काका उठून अंगणाच्या दाराशी आलेले दिसले. आवाज ऐकून आले होते की मला पाहायला, ते मला कळलं नाही.