रुक्माची हाक

रुक्मा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाणवठ्यावर टँकर रिकामा करून घेत होते. आमच्या मोरांच्या अभयारण्यात उन्हाळ्यात झरे आटतात, मग उथळ सिमेंटच्या हौदांत आम्ही वनरक्षकच पाणी सोडतो. पलीकडे बोरीच्या सावलीत एक मोर आमच्या निघण्याची वाट बघत ताटकळला होता. फोनवर रुक्माचे यजमान होते, भागवतराव. आवाज अगदी सपाट. "शीलाताई, रुक्मी गेली. सकाळी चा पिली, म्हणली जरा पडते... उठलीच न्हाई." ताप तर उतरला होता. पुढच्या आठवड्यात ती ड्युटीवर येणार होती. मी टँकरवाल्याला थांबवलं नाही. पाणी हळूहळू चढत होतं, त्यावर आभाळ हलत होतं, मोर एकेक पाऊल पुढे टाकत होता, आणि मला उगीचच वाटत होतं, हौद भरत नाही तोवर ही बातमी खरी होणार नाही...

आम्ही दोघी एकाच दिवशी खात्यात रुजू झालो. मी चौसाळ्याची, वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं. ती शिरूर कासारकडच्या धनगरवस्तीवरची. तिचे भाऊ दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे. ही मात्र बापामागं मेंढरं हिंडवत वाढली आणि बारावी करून भरतीला उतरली. पहिल्या दिवशी खाकी शर्टाची बाही तिला इतकी लांब झाली होती की हात दिसत नव्हते. मी हसले, तशी ती म्हणाली, धुतल्यावर आटंल. तो शर्ट कधीच आटला नाही. ती बाह्या दुमडून तसाच वापरत राहिली.

तिच्या माहेराजवळच्या एका वस्तीवर बिबट्या विहिरीत पडला होता, तो दिवस मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. कठडा नसलेली विहीर, आणि भोवती सगळं गाव दाटलेलं. आत तो बिबट्या पाइपाला धरून दमला होता. आम्ही दोरांना बांधून एक खाट खाली सोडली. थोडा वेळ त्यानं खाटेकडे नुसतं पाहिलं, मग वर चढला आणि ओल्या अंगानं बसून राहिला, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. आता शिडी सोडायची, म्हणजे तो आपला आपण वर येईल. पण माणसं हटल्याशिवाय ते शक्य नव्हतं. बिथरला तर कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. पोलीसपाटलांनी विनवलं, सरपंचांनी दम दिला, कुणी जागचं हलेना. एवढ्यात रुक्मा बायकांच्या घोळक्यात गेली आणि एकीच्या कानाशी काहीतरी बोलली. बघता बघता कुजबुज पसरली, बायका पदर खोचून पळाल्या, त्यांच्यामागं पोरं, आणि मोटर लावायला म्हणून पुरुषही. शिवार मोकळं झालं. मी विचारलं, काय सांगितलंस? तर म्हणाली, नळाला पाणी आलंय म्हणलं.

बिबट्या शिडीनं वर आला, काठावर क्षणभर थांबला आणि तुरीत शिरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, पण रुक्माचा चेहरा उतरला होता. "पाण्याबद्दल खोटं बोलू न्हाई गं," ती म्हणाली. मग सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसली ती बसलीच. टँकरची सोय होऊन पहिले हंडे भरले गेले, तेव्हा कुठे ती गाडीत चढली. रिकामे हंडे घेऊन परतलेल्या बायकांनी तोवर तिला लाखोली वाहिली होती. तिनं ती मान खाली घालून ऐकून घेतली.

वणव्याची गोष्ट त्यानंतरची. चैत्रातली दुपार होती, डोंगरावरचं गवत वाळून पिवळंधमक झालेलं. आग खालच्या अंगाला कुठेतरी लागली आणि वारा तिला वर घेऊन आला. आम्ही जाळरेषेवर, आधीच गवत जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, उभं राहून हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपत होतो, तेव्हा वस्तीवरची एक सून धावत आली. तिचे सासरे, हरबामामा, मेंढरं घेऊन खालच्या घळीत गेले होते. घळीत आता धुराशिवाय काहीच दिसत नव्हतं. साहेबांनी बजावलं, कुणीही आत शिरायचं नाही, कुमक येतेय. त्यांचंही बरोबर होतं; अशा धुरात शिरलेलं माणूस दिशा हरवतं. रुक्मानं पाण्याच्या बाटलीनं ओढणी भिजवून तोंडाला बांधली. "मी आगीत जात न्हाई," ती मला म्हणाली, "ओढ्यानं जाते. वाळू काय जळती व्हय?"

ओढा कोरडा होता. ती त्याच्या वाळूतून चालत गेली आणि मी मागे उभी राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत. मग धुरातून तिची हाक आली. माणसाला मारतात तशी ती हाक नव्हती. जिभेचा रर्र आणि त्याच्या शेवटी लांब ओढलेला सूर, मेंढरांना घराकडे वळवताना तिचा बाप काढायचा तसा. हाक थांबायची, पुन्हा यायची, दर वेळी थोडी अजून आतून. मग थांबली ती आलीच नाही. गवत तडतडत होतं. मी तिचं नाव घेऊन ओरडले, पण धुरानं आवाज जणू गिळून टाकला... आणि किती वेळानं कोण जाणे, घुंगरू वाजलं. आधी एक करडं डोकं, मग दुसरं, मग पांढऱ्यातून पांढरं सुटत यावं तशी मेंढरं येत राहिली. सगळ्यांच्या मागे हरबामामा होते, एडक्याच्या पाठीवर हात ठेवून, डोळे घट्ट मिटून. त्यांच्याही मागे रुक्मा होती, ओढणी काळी झालेली, हाक मारायला घशात आवाज न उरलेली. काही मेंढरं आतच राहिली. मामा वाळूत बसले.

"मला वाटलं, आमचा बा बोलावतोय," ते म्हणाले. "म्हणलं, घटका भरली आपली. मेंढरं निघाली, म्हणून मी बी निघालो."

रुक्मानं खोकत खोकत त्यांच्या चेहऱ्यावरची राख पुसली. "तसं न्हाई, मामा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "घरी चला."

तिचा आवाज नंतर परत आला, पण पूर्वीचा नाही. वायरलेसवर ती बोलायला लागली की आम्ही सगळे हातातलं काम थांबवायचो, कारण नीट कान दिल्याशिवाय तिचं ऐकू येत नसे. हुकूम न सोडता माणसं अशी शांत झालेली मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाहीत. साहेबांनी तिच्यावर आधी ठपका ठेवला आणि नंतर तिचं नाव शौर्यपदकासाठी वर पाठवलं. दोन्हींची हकिगत तिनं मला एकाच सुरात सांगितली. त्या पावसाळ्यात डोंगर पुन्हा हिरवा झाला. जळालेल्या पट्ट्यात गवत सगळ्यात दाट आलं आणि हरबामामांची उरलेली मेंढरं लांबून, हद्दीच्या बाहेरून, त्याकडे बघत चरायची. रुक्मा मला ते दाखवायची आणि नुसती हसायची.

रुक्माच्या मातीच्या दिवशी हरबामामा आले होते. घोंगडी अंथरून अंगणाच्या कडेला बसले आणि सगळे गेल्यावर उठले.

आता आमच्या चौकीत तिची खाट कोपऱ्यात तशीच उभी करून ठेवली आहे, पण रुक्मा त्या खाटेवर कधी झोपलीच नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ती दारातच, थंड फरशीवर आडवी व्हायची. जमिनीला कान असला की येणाऱ्याचं पाऊल लांबून कळतं, म्हणायची. कुणी धावत आलं, म्हणजे काहीतरी झालंय, आणि ते दारात पोचायच्या आत ती उठून बूट घालत असायची. आम्हाला आत-बाहेर करायचं तर तिला ओलांडावं लागे. ती जागी असेल तर पाय आखडून घ्यायची, झोपली असेल तर आम्हीच जपून पाऊल टाकायचो.

परवा एक नवा वनरक्षक आमच्याकडे रुजू झाला. दुपारभर तो आमचं येणं-जाणं बघत होता. संध्याकाळी त्यानं मला विचारलं, मॅडम, दारात फरशी तर सपाट आहे, मग तुम्ही सगळेच तिथं पाय एवढा उचलून काहून टाकता?