गुळाचा खडा

आण्णाप्पा फरशी कापायला बसला की पांढऱ्या धुरळ्यात दिसेनासा व्हायचा. तोंडाला फडकं तरी बांधा, म्हणून त्याची बायको शेवंता रोज कानीकपाळी ओरडे.

"गूळ खातोय की! गुळानं छाती साफ होती," तो हसून म्हणे. गवंडी बापानंच ही सवय लावलेली.

यंदा नृसिंहवाडीला पालखीमागं चालताना दत्ताचं नाव तोंडातून फुटेना. धाप लागून तो घाटावरच बसला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला. "गूळ पोटात जातोय, पावणं. धूळ फुफ्फुसात बसलीय, ती आता निघायची न्हाय. हे काम सोडा."

घरी शेवंता म्हणाली, "दत्तमहाराजांनीच थांबवलं म्हणायचं. उद्या कामाला जाऊ नका."

"मग दुसरं काय येतंय मला?"

शेवंता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.