नाश्त्याआधीची गोळी

७ जून, शनिवार. कापलेली रक्कम अठराशे रुपये. हजर: कॉटवर बाबा, त्यांच्या पायाशी आई, दाराजवळ उभ्या ताई, ज्या बाबांचं सगळं करायला येतात, त्यांना पाठवणाऱ्या एजन्सीचा सुपरवायझर, आणि मी. जागा मुलुंडचं आमचं वन बीएचके.

बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर एजन्सीने घरात सेन्सर बसवले. दारावर, कॉटला आणि औषधाच्या डब्याच्या झाकणात. त्यांच्या नोंदी जोडून कॉम्प्युटर रोजचं काम प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने झालं ते काढतो आणि ठरलेल्या क्रमाशी ताडून बघतो. सकाळी झाकण पहिल्यांदा उघडलं की गोळी दिली, असं तो धरतो.

सुपरवायझरने टॅब माझ्यापुढे धरला. "काका, नाश्त्याला कॉटची पाठ वर होते. मग गोळी. इथे झाकण आधीच उघडतंय. ह्या उपाशीपोटी गोळी देतात. पूर्ण मे महिना."

"मी नाय देत," ताई म्हणाल्या.

"सिस्टिम खोटं बोलते का?"

"मग मी बोलते का रे?"

ताईंच्या पगारातून पैसे कापून झालेच होते, आता सोमवारपासून तो दुसरी बाई पाठवणार होता. बाबा दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत. आधीच्या एकीला तर चावले होते. मला बसवेना. उठून पंखा वाढवला, परत कमी केला. टॅब हातात घेऊन नोंदी खालीवर करत राहिलो.

"एकतीसच्या एकतीस दिवस?"

"हो ना काका, एकही सुटला नाही."

"अरे, रविवारी ह्यांची सुट्टी. रविवारी गोळी मी देतो. नाश्ता झाल्यावरच."

त्याने टॅब ओढून घेऊन रविवारच्या नोंदी बघितल्या. मी ताईंकडे बघितलं, त्यांनी आईकडे.

"डबो मी उघडतंय," आई म्हणाली. "पूजा झाली की देवाक दाखवतंय."

"आजी, पण झाकण कशाला उघडता?"

"झाकण उघडल्याशिवाय देवाक आतला दिसतला कसा?"

"आजी, पार वाट लावलीत की माझी!" म्हणत ताई हसत सुटल्या. मला काही हसू येईना. सोमवारी कोण येणार ते त्याने अजून सांगितलं नव्हतं.

"आजी, उद्यापासून नका ना उघडू," तो म्हणाला.

"ता तुझ्या कॉम्प्युटराक सांग."

सोमवारी ताईच आल्या. अठराशे रुपये पुढच्या पगारात त्यांच्या खात्यात परत जमा झाले. ठरलेल्या क्रमात 'देवपूजा' हा टप्पा घालून घेण्याचे साडेचारशे मी एजन्सीला भरले.