अब्बासभाईंचा चष्मा आणि पॅराशूटची पट्टी

परवा शुक्रवारी दुकान बंद ठेवून घोडेगावच्या बैलबाजारात गेलो होतो. बैल घ्यायला नाही... मी चष्म्याला केलेला एक सांधा टिकतो का, ते बघायला.

माझं नगरात चष्म्यांचं दुकान आहे. महिन्यापूर्वी तिथं अब्बासभाई आले. घोडेगावला ते बैलांची दलाली करतात, आणि त्यांना उजवा कान नाही. तरुणपणी एका खिलार बैलाच्या शिंगानं तो नेला.

"एका कानावर चष्मा ऱ्हात न्हाई, भाऊसाहेब," ते म्हणाले. "दात बघाया वाकलो की हा शेणात."

बैलाचं वय दातांवरून ठरतं आणि जबडा उघडायला दोन्ही हात लागतात. मागच्या बाजारात त्यांनी बिनचष्म्यानं पाहून सहा दाती बैल चार दाती सांगितला, म्हणजे बैलाचं वय कमी सांगितलं. घेणाऱ्यानं तो चारचौघांत परत आणून बांधला.

तिथला सौदा रुमालाखाली बोटं धरून, बोटांनीच भाव सांगून होतो. दलालावर भरवसा असेल तरच माणूस त्याच्या रुमालात हात घालतो... त्या दिवसापासून अब्बासभाईंच्या रुमालाकडे लोक फिरकेनात. "अजून एकदा चुकलो की घरी बसायचं," ते म्हणाले.

उपायही त्यांनीच आणला होता. पॅराशूटची नायलॉनची पट्टी. महायुद्ध संपल्यापासून लष्कराच्या कॅम्पातला असला माल बाजारात मिळतो. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना पट्टी जोडून डोक्यामागून घ्यायची. सुती नाडी घामानं कुजते, ही कुजत नाही.

काडीला भोक पाडून बांधू, असं मी म्हणणार तोच त्यांनी जुना चष्मा पुढं केला. अर्धी काडी जळालेली.

"तापल्या दाभणानं भोक पाडाया गेल्तो. भसकन पेटला. दाढी वाचली एवढंच."

सेल्युलॉइडची काडी ती, पेटणारच. थंड गिरमिटानं भोक पाडलं तरी बारीक काडी नेमकी तिथंच तडकते. म्हणजे चिकटवणं आलं... पण कशानं?

सरस घामात विरघळतो. लाख ठिसूळ, पट्टी वाकली की सुटते. कार्बॉलिक ॲसिडात नायलॉन विरघळतं, म्हणजे त्यानं चिकटेलही, असं वाचलं होतं, पण ते कातडी भाजतं. माणसाच्या कानशिलाशी ते लावायला माझं मन धजेना.

शेवटी सायकलचं पंक्चर काढायचं रबर सोल्यूशन निवडलं. पट्टी साबणानं धुतली, चिकटवली, वजन टांगून ठेवलं. जरासुद्धा हललं नाही. मोठ्या विश्वासानं चष्मा त्यांच्या हवाली केला.

आठवड्याच्या आत अब्बासभाई परत हजर. पट्टी एका बाजूनं लोंबत होती. मी ती नाकाशी धरली... करडईचं तेल.

रोज सकाळी डोक्याला तेल चापून लावतात ते. मीही लावतो. रबर तेलात मऊ पडतं हेही मला माहीत होतं. तरी मी परीक्षा घेतली ती कोरड्या टेबलावर... डोक्यावर चष्मा बसणार हे ध्यानातच घेतलं नाही.

"तेल सोडतो की," अब्बासभाई म्हणाले. "बायकू म्हनंल, म्हातारपनी कुनासाठी केस भुरभुर उडवताय. पन सोडतो."

मी नको म्हटलं. चष्म्याच्या सोयीसाठी माणसानं सवय बदलावी, हे मला पटेना.

मग सेल्युलॉइडचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून लेप केला. काडीशी तो एकजीव झाला, पण नायलॉनवरून खपलीसारखा निघून आला. दोन दिवस तेच... आणि मग वाटलं, जे चिकटतच नाही त्याला चिकटवण्याचा हट्ट मी का धरतोय?

पट्टीचं टोक उसवून धागे पंख्यासारखे पसरले. खाली काडी, वर सेल्युलॉइडचा पातळ तुकडा, मध्ये लेप. दाबल्यावर लेप धाग्यांच्या फटींतून आरपार गेला. काडी आणि तुकडा एक झाले, आणि मातीच्या भिंतीत काड बसावं तसे धागे आत अडकून बसले.

या वेळी सांध्याला तेल चोळलं, मिठाच्या पाण्यात ठेवलं. शिवाय तेल लावलेल्या डोक्यावर तो चष्मा आठवडाभर मीच दुकानात वागवला. "साहेब, विमान कुठं उभं केलंय?" असं एकानं विचारलंच.

शुक्रवारी सर्व्हिस मोटारीनं घोडेगावला पोचलो आणि चष्मा अब्बासभाईंच्या डोक्यावर चढवला. कोंडिबा नावाचा एक शेतकरी बैल विकायला उभा होता. अब्बासभाईंचं डोकं बघून तो म्हणाला, "भाई, आज तुमीच वेसन घालून आलाय व्हय?"

"माजी ऱ्हाऊ दे. तुज्याचं तोंड उघड."

ते वाकले. बैलानं अशी मान झटकली की चष्मा कपाळावर चढला. पट्टी ताणली गेली, पण सुटली नाही. त्यांनी मनगटानं चष्मा खाली ढकलला आणि पुन्हा जबडा धरला.

"चार दाती सांगतुयास ना? सहा हायेत, कोंडिबा. कडंचे दोन नुकते वर आल्यात. बोट घालून बघ."

कोंडिबानं बोट घातलं नाही. गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं. त्यानं एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा अब्बासभाईंकडे... आणि त्यांच्या रुमालात हात घातला.

सौदा आटोपल्यावर मी सांधा तपासला. चोख होता. तरी सांगायला हवं म्हणून सांगितलं, की नायलॉन खरं तर चिकटलेलं नाही, नुसतं अडकलंय.

"पडत न्हाई ना? मग चिकाटलंच," ते म्हणाले आणि पुढच्या बैलाकडे गेले.

परतताना मोटारीत एकच विचार होता. पहिली पट्टी सुटली तेव्हा ते दुसऱ्या दुकानात गेले असते, तर मी आजही रबर सोल्यूशनच उत्तम असं सर्वांना सांगत बसलो असतो. तक्रार घेऊन माझ्याकडेच परत आले... त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.